बोलण्याचा हक्क राखून

आमच्या वाडीत सूचना मांडणाऱ्यांचा कधी तुटवडा पडला नाही. पाण्याच्या टाकीला झाकण बसवा, जिन्यातला दिवा बदला, तळमजल्यावरच्या मांजरांचा बंदोबस्त करा, गणपतीत यंदा नाटक नको, गणपतीत यंदा नाटकच हवं. गिरगावात माणूस जन्माला येतो तोच एखादी सूचना घेऊन येतो. खरी टंचाई असते ती दुसऱ्याच्या सूचनेला उभं राहून पाठिंबा देणाऱ्यांची. आमच्याकडे असा एकच माणूस होता आणि चाळीस वर्षं त्याने एकट्याने सगळ्या वाडीचं भागवलं.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते पोस्टमन सोडून कोणी वाचत नाही. आम्ही त्यांना अनुमोदनकाका म्हणायचो, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. माझगावच्या गोदीत टाइमकीपर म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. कोण किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला, एवढंच त्यांनी आयुष्यभर लिहिलं. स्वतःहून काही मांडायची वेळ तिथे कधी आली नसावी.

मंडळाची सभा असली की काका संध्याकाळी पाचलाच दाढी करून तयार. सभेची म्हणून एक काळी टोपी होती, ती एरवी खुंटीला. तिसऱ्या रांगेत भिंतीकडची खुर्ची त्यांची. कोणीतरी उठून सूचना मांडायचं, अध्यक्ष विचारायचे, "अनुमोदक?" आणि काका उठायचे. अर्धवट नाही, पूर्ण उठायचे. शर्टाचं वरचं बटण लावायचे, टोपी सारखी करायचे आणि गोदीत भोंगा वाजत असतानाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "अध्यक्ष महाशय, या सूचनेला माझं अनुमोदन आहे." मग बटण काढून खाली बसायचे. यापुढे एक शब्द नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एक सूचना मांडली नाही की एका सूचनेला विरोध केला नाही.

गंमत अशी की एकाच सभेत ते नाटक हवं याला अनुमोदन द्यायचे आणि नाटक नको यालाही. एकदा तळमजल्यावरच्या नानांनी त्यांना जिन्यात अडवलंच. "अरे, तुझं नक्की म्हणणं काय? तू कुठल्या बाजूचा?"

"माझं म्हणणं मी मत देताना सांगतो, नाना," काका म्हणाले. "अनुमोदन म्हणजे एवढंच, की हा माणूस बोलतोय ते ऐकून घेऊया. तेवढं तर कोणालाही मिळायला पाहिजे. नाहीतर ठराव बारगळतो, आणि बिचारा घरी जाऊन बायकोवर ओरडतो."

नाना घरी जाऊन बायकोवर ओरडले ते आम्हाला वर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

सभा काही रोज नसते, आणि काकांना तर रोज लागायची. त्यामुळे उरलेले दिवस ते वाडीला अनुमोदन देत हिंडायचे. कोळीण म्हणाली, "काका, आज बोंबील फर्स्टक्लास हाय," की हे "अनुमोदन" म्हणून पिशवी पुढे करणार. दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्या कपड्यांचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या पापडांवर पडलं, त्यावरून दोन बायकांचं कडाक्याचं वाजलं, तेव्हा काकांनी दोघींनाही अनुमोदन दिलं. आपला साक्षीदार तिचाही साक्षीदार आहे म्हटल्यावर भांडणातला दमच गेला. शेवटी पापड गच्चीवर गेले आणि कपडे जिथे होते तिथेच राहिले.

माझ्यावर तर त्यांचे उपकारच आहेत. दहावीच्या निकालानंतर मी घरात जाहीर केलं की मी सायन्सला जाणार नाही, मला आर्ट्सला जायचंय. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली ठेवलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आजीने जपमाळ थांबवली. इतकी शांतता मी आमच्या घरात त्याआधी कधी ऐकली नव्हती. आणि गॅलरीच्या खिडकीतून आवाज आला, "अनुमोदन आहे." काका दाढीचं पाणी टाकायला चालले होते. बाबा दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, पण मी आर्ट्सला गेले. त्या दिवशी खिडकीत कोणी नसतं तर मी आज कुठल्यातरी प्रयोगशाळेत बेडूक मोजत बसले असते.

काकू होत्या तोवर घरातलं मांडण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. आज काय करायचं, कोणाच्या लग्नाला जायचं, दिवाळीला रंग कुठला द्यायचा, सगळं त्या मांडायच्या. काका हसून मान डोलवायचे. मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे काकूंनीच विचारलं होतं, "मला तुम्ही पसंत आहात, तुमचं काय?" आणि यांनी भर दिवाणखान्यात बटण लावून अनुमोदन दिलं. काकू गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर घरात मांडणारं कोणी उरलं नाही. तेव्हापासून काका बाहेर जरा जास्तच अनुमोदन द्यायला लागले, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मग लोक मुद्दाम त्यांच्या दारावरून जाताना काहीतरी मांडून जायचे. "काका, आज उकडतंय नाही?"

माधवी ही त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी बालमैत्रीण. ती शिकायला ऑस्ट्रेलियात गेली, कॅनबेराला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून बसली. त्याचं नाव टॉम. लग्नाचं फोनवर सांगितलं तेव्हा माधवीने श्वास रोखून धरला होता, पण तिचे बाबा काय म्हणणार हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

मी लग्न होऊन दादरला गेले तरी आठवड्यातून एकदा वाडीत माझी फेरी असते. दोन वर्षांपूर्वी काका जिन्यात चक्कर येऊन पडले. वाडीने त्यांना खुर्चीत घालून खाली आणलं, दवाखान्यात नेलं, पाळ्या लावून डबे पोचवले. काका आठ दिवसांत उठले, पण माधवीने तिकडे हाय खाल्ली. पुढे माझ्या ऑफिसने मला पंधरा दिवसांच्या कामासाठी नेमकं कॅनबेराला पाठवायचं ठरवलं आणि माधवीचा फोन आला.

"येताना बाबांना घेऊन ये."

"आणते की. परत पण मीच घेऊन येते."

"तेच सांगायचंय," ती म्हणाली. "परतीचं तिकीट मी काढलंय, पण ते नुसतं दाखवायला. बाबा इथेच राहतील. कागद सगळे तयार आहेत. शेवटच्या रविवारी जेवताना मी विषय काढणार. मी सूचना मांडीन, तू लगेच अनुमोदन दे. तू म्हणालीस की त्यांना बरं वाटेल. आणि ते नाही थोडंच म्हणणार आहेत? त्यांनी जन्मात कोणाला नाही म्हटलंय?"

मला ते पटलं होतं हे कबूल करते. म्हातारा माणूस, एकटा, चौथा मजला. मी तिला शब्द दिला.

कॅनबेरा हे शहर ज्याने आखलं त्याने रस्ते, झाडं, तळं, सगळं छान काढलं आणि माणसं घालायची राहून गेली. माधवीच्या घराच्या खिडकीतून पहिल्या दिवशी काकांनी दोन तास रस्ता बघितला. दोन मोटारी आणि एक कांगारू गेलं. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "छान आहे सगळं. पण इथे कोणी काही मांडतच नाही गं."

टीव्हीवरच्या बाईने उद्या पाऊस पडेल असं सांगितलं तर ते तिला अनुमोदन द्यायचे. पण टीव्हीवरची बाई काही मागे वळून "थँक्यू काका" म्हणत नाही.

त्यांना वाचवलं ते टॉमने. उंचपुरा, ओशाळं हसणारा, भला मुलगा. सासऱ्याशी बोलायला भाषा नाही म्हणून बिचारा कानकोंडा व्हायचा. मग त्याच्या लक्षात आलं की सासरे दिवसभरात एकच शब्द दहा वेळा म्हणतात आणि तो म्हटला की सगळं मार्गी लागतं. त्याने तो शब्द उचलला. चौथ्या दिवसापासून त्या घरात चहा घ्यायचा का, अनुमोदन. फिरायला जायचं का, अनुमोदन. कुत्र्याला आंघोळ घालायची का, अनुमोदन. काकांना त्याचा उच्चार पसंत होता. "टॉमराव 'द' चांगला म्हणतात," ते मला म्हणाले. टॉमला मराठीतला तेवढा एकच शब्द येत होता आणि त्याची त्याला कुठे अडचण आली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी चौकशी केली की या गावात सभा कुठे भरते. माधवीने सांगितलं की इथे या देशाचं पार्लमेंट आहे आणि ते परदेशी पाहुण्यांनाही बघता येतं. झालं. काकांनी बॅगेच्या तळातून काळी टोपी काढली. त्यांनी ती मुंबईहून आणली होती हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

"दिल्लीची बघायला ओळख लागते," बसमध्ये ते म्हणाले. "इथली सर्वसाधारण सभा नुसत्या रांगेत उभं राहून बघायला मिळते म्हणजे फार झालं."

सोमवारची सकाळ होती; मी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना नेलं होतं. ती इमारत एका टेकडीच्या पोटात घातलेली आहे आणि टेकडीवर हिरवंगार गवत आहे. आत जाताना तपासणीच्या यंत्राने काकांना बघून शिट्टी घातली. खिशातून अडकित्ता निघाला. तिथल्या तरुण रखवालदाराने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि आदराने विचारलं की हे काय आहे.

"फॉर नट्स," काका म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून सुपारी पुढे केली. त्याने ती हुंगली, अडकित्ता टेबलाखाली ठेवला आणि आम्हाला बिल्ला दिला. काकांनी बिल्ला टोपीला लावला.

प्रेक्षकांच्या सज्जात आम्ही पुढच्या रांगेत बसलो. शेजारी एका शाळेची सहल होती. खाली पोपटी खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांत माणसं इनमिन पंधरा-सोळा. काकांनी बोटांवर मोजली, मग पुन्हा मोजली.

"गणसंख्या नाही," ते माझ्या कानात म्हणाले.

"काका, इथले नियम वेगळे असतील."

"असतील. आपल्याकडे सभा तहकूब करतात आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तीच माणसं गणसंख्येशिवाय बसतात. यांनी तो अर्धा तास वाचवलाय." त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

मग एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. गावोगावी वणवे विझवायला धावणारे जे स्वयंसेवक असतात, त्यांचे सभागृहाने आभार मानावेत अशी त्यांची सूचना होती. मी काकांना हळू आवाजात समजावून सांगत होते. काका खूश झाले. "म्हणजे आभारप्रदर्शन. सुरुवातीलाच घेतात वाटतं." बाईंचं बोलणं झालं. उंच खुर्चीतल्या सभापतींनी इंग्रजीत विचारलं, या सूचनेला अनुमोदन आहे का?

कोणीच उठलं नाही.

खरं म्हणजे ज्यांनी उठायचं ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत चष्मा शोधत होते. एक खिसा, दुसरा खिसा, कागदांखाली. चार सेकंद गेले असतील. पण काकांच्या लेखी तिथे साक्षात आभारप्रदर्शन बारगळत होतं. आमच्या वाडीत नाटकाचे ठराव पडले, टाकीच्या झाकणाचे पडले, पण आभाराचा ठराव अनुमोदनावाचून पडला असं कधी झालं नाही. माझ्या शेजारी हालचाल झाली. मी वळून बघते तो काका वरचं बटण लावत होते. मी त्यांची बाही धरायला हात पुढे केला, पण बाही तोवर वर गेली होती.

"अध्यक्ष महाशय," त्या टेकडीच्या पोटात आवाज घुमला, "या सूचनेला माझं अनुमोदन आहे."

पंधरा-सोळा माना वर झाल्या. सभापती वर बघू लागले. चष्मेवाले गृहस्थ दचकून उठले, चष्म्यावाचूनच, आणि घाईघाईने काहीतरी म्हणाले. शाळेच्या पोरांनी तोंडावर हात दाबून धरले. काका शांतपणे बटण काढून बसले. काम झालं होतं.

पुढच्या क्षणी गणवेशातल्या एक पिकल्या केसांच्या बाई आमच्या रांगेच्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन बोटांनी आम्हाला बाहेर बोलावलं. व्हिसा जाणार, पेपरात नाव येणार, माझी नोकरी जाणार, हे सगळं मी जिन्याच्या चार पायऱ्यांत योजून ठेवलं होतं. बाईंनी कडक आवाजात सांगितलं की प्रेक्षकांनी काही बोलायचं नसतं, आज सभागृहात पुन्हा जाता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, हे गृहस्थ म्हणाले तरी काय?

मी सांगितलं. त्यांनी ओठ दाताखाली घट्ट धरले, पण खांदे हलायचे ते हललेच.

"हिला विचार," काका मला म्हणाले, "माझं अनुमोदन इतिवृत्तात येणार का?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, नाही, फक्त सभासदांचं बोलणं नोंदलं जातं. काकांचा चेहरा जरा पडला. मग त्यांनी दुसरा प्रश्न काढला. "तो चष्मेवाला उठून बरंच काहीतरी बोलला. नुसतं अनुमोदन एवढं लांब नसतं. तो काय म्हणाला?"

ते मला ऐकू आलं नव्हतं, पण बाईंना पाठ होतं. तिथल्या पद्धतीप्रमाणे ते म्हणाले होते, मी या सूचनेला अनुमोदन देतो आणि माझा बोलण्याचा हक्क राखून ठेवतो.

"पुन्हा सांग," काका म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"राखून ठेवतो म्हणजे?"

"म्हणजे आत्ता बोलत नाही, पण पुढे केव्हाही बोलू शकतो. हक्क गेला नाही."

काकांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, खिशातल्या डायरीत लिहिलं आणि त्या बाईंना वाकून नमस्कार केला. बाईंनीही हात जोडले. अडकित्ता परत घेताना त्या तरुण रखवालदाराने सुपारीही परत केली, कागदात नीट गुंडाळून.

लिफ्टने आम्ही वर टेकडीच्या माथ्यावर गेलो आणि गवतावर बसलो. पायाखाली एका देशाचं कामकाज चालू होतं. मला इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू आलं आणि ते थांबेचना. मला बघून काकाही हसायला लागले, टोपी काढून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हसून झाल्यावर त्यांनी डायरी उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"चाळीस वर्षं मी अर्धंच वाक्य बोलत होतो बघ," ते म्हणाले.

मग डायरी मिटून खिशात घातली. "माधवी काहीतरी मांडणार आहे ना?"

मी पर्समध्ये बसचं तिकीट शोधायला लागले.

"सांगू नकोस. विषयपत्रिका आधी फुटली की सभेत राम राहत नाही. पण चार दिवस ती डबे घासत सुटलीये. तिची आई असंच करायची, मोठं काही मांडायच्या आधी." त्यांनी गवताची एक काडी उपटली. "मला कळतं ते काय असणार. आणि माझी इच्छा नाहीये. इथे छान आहे, पोरगी आहे, टॉमराव सोन्यासारखे आहेत. पण सकाळी उठून मी इथे कोणाच्या उपयोगी पडू? तिथे माझ्या दारावरून जाताना चार माणसं थांबतात. मला एकच भीती वाटते. तिने मांडलं की सवयीने माझ्या तोंडातून निघून जाईल. आणि एकदा दिलेलं अनुमोदन मी कधी परत घेतलेलं नाही."

मी त्यांना सांगायला हवं होतं की दुसरं अनुमोदन माझ्याकडे तयार आहे. मला ते सांगता आलं नाही. शब्द माधवीला दिला होता, आणि त्या दिवशी खिडकीतून माझ्यासाठी आलेला आवाज यांचा होता.

रविवार उजाडला. माधवीने उकडीचे मोदक केले होते. टेबलाशी आम्ही चौघं. ती डोळे मिटून एकदाच श्वास घेताना मला दिसली.

"बाबा, मला एक मांडायचंय," ती म्हणाली. "तुम्ही आता इथेच राहावं. आमच्याकडे. कायमचं."

काका उठले.

पूर्ण उठले. त्यांचा हात गळ्याशी गेला आणि त्यांनी वरचं बटण लावलं. माधवीच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं.

"अध्यक्ष..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. कपाळावर घाम होता. तो शब्द त्यांच्या ओठांवर येऊन उभा आहे हे मला अक्षरशः दिसत होतं. मग त्यांनी तो गिळला. "ही सूचना माझ्याविषयी आहे. ज्याच्याविषयी ठराव, त्याने त्याला अनुमोदन देऊ नये, असा संकेत आहे. तेव्हा दुसरं कोणी अनुमोदक आहे का?"

माधवीने माझ्याकडे बघितलं. मी मोदकावरच्या तुपाकडे बघितलं. तिने टेबलाखालून मला पाय मारला. तूप हळूहळू खाली ओघळत होतं आणि मी ते शेवटपर्यंत बघायचं ठरवलं होतं.

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की या टेबलाशी आणखी एक माणूस आहे. टॉम. त्याला काही कळलं नव्हतं, पण सासरे कोणाला तरी काहीतरी विचारताहेत आणि सगळे गप्प आहेत हे त्याला कळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मदत करायची भली इच्छा पसरली. त्याने तोंड उघडलं.

मी ताटातला मोदक उचलला आणि अख्खाच्या अख्खा त्या तोंडात घातला.

"आमच्यात अख्खा खातात," मी त्याला इंग्रजीत सांगितलं. टॉम डोळे विस्फारून चावायला लागला. माधवीचा मोदक मोठा असतो.

काकांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. पाच सेकंद थांबले, चष्मेवाल्यासाठी ते सभापती थांबले होते त्याहून एक सेकंद जास्तच. "अनुमोदनाअभावी ठराव बारगळला," ते म्हणाले.

"तू शब्द दिला होतास," माधवी मला म्हणाली.

"दिला होता," मी म्हटलं. "माझं चुकलं. पण मला जमलं नाही, माधवी."

तिचे डोळे भरून आले होते. मला तिचं वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, आणि तरीही छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं होतं. काका अजून उभेच होते. बटण काढलेलं नव्हतं.

"मागच्या सोमवारी त्या सभेत मी बोलण्याचा हक्क राखून ठेवलाय," ते म्हणाले. "त्यांच्या इतिवृत्तात नसेल, माझ्या डायरीत आहे. तो मी आता वापरतो." त्यांनी टोपी सारखी केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते जेवायला टोपी घालून बसले होते. "मी अशी सूचना मांडतो की माधवीने आणि टॉमरावांनी दर वर्षी मे महिन्यात गिरगावात येऊन राहावं. पंधरा दिवसांपेक्षा कमी नाही. एकटा चौथ्या मजल्यावर मी पडेन अशी तिला भीती वाटते, ती खोटी नाही. तर मी तळमजल्यावरची नानांची खोली बदली करून मागतो. नानांना वर हवा हवीच आहे."

चाळीस वर्षांतली ती त्यांची पहिली सूचना. सूचना मांडून झाल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आजवर तिथून पुढे ते स्वतःच असायचे. ते तसेच उभे राहून इकडेतिकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार तोच टॉमने शेवटचा घास गिळला.

"अनुमोदन," तो म्हणाला. 'द' अगदी स्वच्छ.

काकांनी असं बघितलं, जणू कोणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातलाय. माधवी हसायला लागली आणि रडायलाही लागली, आणि दोन्ही करताकरताच तिने विचारलं, "बाबा, विरोध नोंदवता येतो का?"

"येतो की."

"मग माझा नोंदवा."

काकांनी खिशातून डायरी काढली, पेन काढलं, तारीख घातली आणि एक ओळ लिहिली. मग बटण काढून खाली बसले आणि मोदकावर तूप घेतलं.

"नोंदवला," ते म्हणाले. "आता मे महिन्याचं तिकीट काढ."